आकडो कितको इलो?

लेकाचा जन्म ऐन आषाढातला, मंगळवारी पहाटे ३.४० चा. ३६ आठवडे नुकतेच झालेले, वजन अडीच किलो. गुरुवारी डिस्चार्ज घेऊन आम्ही वेंगुर्ल्याला माहेरी. घर जुनं कौलारू, पावसात माजघरात भर दुपारी लाईट लावायला लागते, ती पण पिवळा बल्ब, आणि त्यात आईने काढलेलं दुपटं हळदीच्या रंगाचं, आता सांगा बाळ कावीळीने पिवळं झालंय की नाही ते कळणार कसं? आजी म्हणाली, "गोरो आसा तो, म्हणान तसो दिसता." शेजारच्या काकी म्हणाल्या कोवळं ऊन दाखव. ऊन? चार दिवस सूर्य दिसला नव्हता कोणाला.

मला खटकलं ते वेगळंच. तो प्यायला उठेना. तळव्याला टिचक्या मारल्या तरी दोन घोट की परत झोप. शुक्रवारी सकाळी त्याला पडवीत उजेडात आणलं, नाकाच्या शेंड्यावर बोट दाबून सोडलं, खाली पिवळं. पावलांवरही तेच. मग सरळ गाडी काढून कुडाळ.

डॉक्टरांनी आधी टॉर्चसारखं एक मशीन छातीला टेकवलं, बिलीरुबिन (ज्याने बाळ पिवळं दिसतं ते द्रव्य) १६.८ आलं, मग टाचेतून रक्त काढलं, त्यात १८.१. जन्म कधीचा विचारल्यावर मी म्हटलं चौथा दिवस चालू आहे, तर म्हणाले दिवस नको, तास सांगा. मोजले, ८० भरले. कारण तोच आकडा किती तासांच्या बाळाचा आणि किती आठवड्यांच्या, त्यावर सगळं ठरतं. पहिल्या २४ तासांत पिवळेपणा दिसला तर ती धोक्याचीच खूण. पूर्ण दिवसांच्या बाळाला जिथे थांबता येतं तिथे आमच्या ३६ आठवडेवाल्याला निळ्या लाईटखाली ठेवावं लागतं (फोटोथेरपी), कारण फार वाढलं तर बिलीरुबिन मेंदूत शिरतं. आणि साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी ते सगळ्यात जास्त चढतं, आमच्या डिस्चार्ज पेपरवर मात्र लिहिलेलं आठवड्याने दाखवा! असो.

मग डॉक्टरांचा प्रश्न, कपडे डांबरगोळ्यांत ठेवलेले का? आई गप्प. कोकणात बुरशीच्या भीतीने अख्खी ट्रंक त्या गोळ्यांनी भरलेली असते. जी६पीडी (लाल पेशींना जपणारं एन्झाइम) कमी असलेल्या बाळाच्या लाल पेशी त्या वासानेही फुटू शकतात म्हणे. आमची टेस्ट नॉर्मल आली, पण तोपर्यंत आईचा चेहरा बघवत नव्हता.

डोळ्यांवर पट्टी, अंगावर फक्त लंगोट, वर निळी लाईट. लाल पेशी फुटून बिलीरुबिन तयार होतं, ते बाहेर टाकायला बाळाचं लिव्हर अजून तयार नसतं, हा निळा प्रकाश त्याचा आकारच बदलतो मग ते लिव्हरची वाट न बघता शी-शूतून जातं. म्हणून दर दोन तासांनी पाजणं हेही औषधच, पाणी-गुटी काही नाही. लाईटखाली कातडीवरचं मशीन फसतं, त्यामुळे परत टाच, परत रडणं, त्याचं आणि माझं.

गंमत म्हणजे ही लाईट सापडली उन्हामुळेच. इंग्लंडात रोचफर्डच्या हॉस्पिटलात १९५६ च्या सुमारास जीन वॉर्ड नावाच्या सिस्टर बाळांना बागेत न्यायच्या, तेव्हा एका बाळाचं उघडं अंग फिकं पडलेलं आणि झाकलेला तुकडा तेवढा पिवळा राहिलेला दिसला. म्हणजे काकी अगदीच चुकीच्या नव्हत्या, फक्त ऊन मोजून देता येत नाही, उघडं बाळ गारठतं किंवा भाजतं.

दुसऱ्या दिवशी १४.२, मग ११.९. लाईट बंद केल्यावर परत चढतंय का बघायला अजून एकदा टाच. रिपोर्ट यायच्या आधीच आजीचा फोन, बाळ कसं आहे वगैरे काही नाही, थेट, "आकडो कितको इलो?"