आवक-जावकीत बसवलेली अ‍ॅडम्स दांपत्याची पत्रं

जॉन अ‍ॅडम्स आणि त्याची बायको अ‍ॅबिगेल यांनी एकमेकांना लिहिलेली ११०० हून जास्त पत्रं आज उपलब्ध आहेत. पहिलं १७६२ सालचं, लग्नाच्याही आधीचं. १७७४ पासून जॉन काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी वसाहतींच्या प्रतिनिधी सभेच्या, कामासाठी फिलाडेल्फियात, आणि अ‍ॅबिगेल मुलं, शेती, देणीघेणी सांभाळत मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रेन्ट्रीत. पुढे तो अमेरिकेचा दुसरा राष्ट्राध्यक्ष झाला. निवृत्त झाल्यावर ही पत्रं सलग वाचायची असं मी ठरवलं होतं. ती कशी वाचली ते सविस्तर सांगते, कारण नुसती तारीखवार वाचली असती तर निम्मंही हाती लागलं नसतं.

मूळ कागद बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीकडे आहेत. अ‍ॅडम्स घराण्याच्या न्यासाने ते १९५६ मध्ये सोसायटीच्या स्वाधीन केले. या दोघांच्या पत्रांच्या पानांची छायाचित्रं सोसायटीने मजकुरासकट इंटरनेटवर ठेवली आहेत. दुसरी जागा म्हणजे फाउंडर्स ऑनलाइन. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने २०१३ मध्ये ती सुरू केली. वॉशिंग्टन, फ्रँकलिन, जेफरसन, हॅमिल्टन, मॅडिसन, अ‍ॅडम्स अशा सगळ्यांचे मिळून १ लाख ८० हजारांहून जास्त कागद तिथे विनामूल्य वाचता येतात, संपादकांच्या तळटिपांसह. मी मजकूर फाउंडर्सवर वाचत असे आणि अक्षर बघायला सोसायटीचं पान उघडत असे. अ‍ॅबिगेल पूर्णविराम फारसा देत नाही. कानाला येईल तसं स्पेलिंग लिहिते आणि वाक्यामागून वाक्य आडव्या रेघेने जोडत जाते. सुरुवातीला दमछाक होते, पण मोठ्याने वाचलं की लय सापडते.

खरी अडचण अक्षराची नव्हती, क्रमाची होती. फिलाडेल्फिया ते ब्रेन्ट्री पत्राला दहा-पंधरा दिवस लागत. तोवर दोघांनी आणखी दोन-तीन पत्रं लिहिलेली असत. त्यामुळे यादीतलं पुढचं पत्र हे मागच्याचं उत्तर नसतंच. माझी नोकरी बरीच वर्षं आवक-जावक टेबलावर गेली, म्हणून हातात आलं तेच केलं: एक लांब वही आखली. डावीकडे जावक, म्हणजे पत्र कोणी, कुठून, कधी लिहिलं. उजवीकडे आवक, म्हणजे ते समोरच्याला कधी पोचलं. पोचल्याची तारीख बहुतेकदा उत्तरातच सापडते. ‘कालच्या टपालाने तुमची ३ आणि ४ जुलैची पत्रं मिळाली’ असं अ‍ॅबिगेल लिहून जाते. नाहीतर तळटीप उपयोगी पडते. कुठेच काही नसेल तर रकाना कोरा ठेवायचा, अंदाज भरायचा नाही.

आणि या बाबतीत जॉन माझ्या बाजूचा निघाला! २ जून १७७६ च्या पत्रात तो लिहितो की वीस वर्षं पत्रं लिहितोय पण एकाचीही नक्कल ठेवली नाही, हे फार नुकसानीचं झालं. आता कोरी वही विकत आणली आहे आणि हे पत्र तिच्या पहिल्याच पानावर उतरतंय. महिन्याभरात स्वातंत्र्याचा ठराव होणार होता आणि हा माणूस जावक वही सुरू करत होता. मला त्याच्याबद्दल आदर वाटायला लागला तो इथपासून.

१७७६ चा जुलै वहीत मांडल्यावर वेगळाच दिसला. ३ जुलैला जॉनने बायकोला दोन पत्रं लिहिली. २ जुलै, म्हणजे ठराव मंजूर झाला तो दिवस, पुढच्या पिढ्या तोफा, घंटा आणि रोषणाईने साजरा करतील असं भाकीत त्यातच आहे. हे उतारे सगळीकडे छापलेले असतात. पण ती पत्रं पोचली तेव्हा अ‍ॅबिगेल बोस्टनमध्ये काकांच्या घरी होती. देवी टोचून घेण्यासाठी ती चारही मुलांना घेऊन गेली होती. त्या काळी देवी टोचणं म्हणजे मुद्दाम रोगाची लागण करून घेणं, जिवाशी खेळच. जॉनला हे कळलं १६ जुलैला, तेही दुसऱ्यांच्या पत्रांतून. म्हणजे देशाच्या जन्माचा उत्सव रंगवणाऱ्या माणसाला आपल्या घरात काय चाललंय याचा पत्ता नव्हता. मुलांपैकी चार्ल्सला पुढे देवी आल्याच, आणि चांगल्याच आल्या. पण तो वाचला.

सगळ्यात जास्त वेळ मी ज्या ओळीवर थांबले ती १० जुलै १७७७ ची. जावकीच्या रकान्यात त्या एका तारखेला दोन नोंदी आहेत. अ‍ॅबिगेलला दिवस भरले होते. पोटातलं बाळ गेलं असावं अशी भीती तिने आदल्या दिवशीच कळवली होती. १० तारखेला ती कळा सुरू असताना लिहिते आहे. मध्येच म्हणते की आता लेखणी ठेवते, जे टळणार नाही ते सोसायला हवं. आणि कळ ओसरल्यावर त्याच कागदावर पुढे लिहायला लागते. त्याच दिवशी फिलाडेल्फियाहून जॉन लिहितोय की हे पत्र पोचेपर्यंत तुझ्या कुशीत तुझ्यासारखीच सुंदर, शहाणी मुलगी असो. दुसऱ्या दिवशी मुलगी झाली, मृतावस्थेत. तिचं नाव एलिझाबेथ. जॉनच्या हाती ९, १० आणि १६ जुलैची पत्रं २८ तारखेला पडली. भीती, कळा आणि निकाल, तिन्ही त्याने एकाच बैठकीत वाचलं. जिला पाहिलं नाही, पाहणारही नाही, तिच्याबद्दल इतकी माया कशी वाटते, असं तो उत्तरात विचारतो. त्या वेळी तो युद्धमंडळाचा अध्यक्ष होता. ती रात्र मी पुढे काही वाचलं नाही.

राजकारण आणि घर वेगळं काढायचा प्रयत्न मी त्यानंतर सोडला. नाहीतरी तो जमत नाही. ३१ मार्च १७७६ च्या ज्या पत्रात अ‍ॅबिगेल नव्या कायद्यांत बायकांची आठवण ठेवा असं बजावते, त्यातच बोस्टनमधल्या घराची ब्रिटिश पलटणीच्या डॉक्टरने केलेली घाणही आहे. १४ एप्रिलला जॉन हसून ती मागणी उडवून लावतो. मला ते आजही खटकतं.

अ‍ॅडम्सनंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या थॉमस जेफरसनशी झालेला पत्रव्यवहार याहून गुंतागुंतीचा. १८०४ च्या एप्रिलमध्ये त्याची मुलगी मारिया वारली. लहानपणी १७८७ मध्ये ती आईवडिलांविना लंडनला उतरली तेव्हा अ‍ॅबिगेलने तिला सांभाळलं होतं. म्हणून राजकीय वैर असूनही २० मे रोजी अ‍ॅबिगेलने सांत्वनाचं पत्र धाडलं. जेफरसनने आभार मानले आणि जाता जाता तुमच्या नवऱ्याने शेवटी शेवटी केलेल्या नेमणुका मला लागल्या, असं लिहिलं. झालं! तिने लगेच जेम्स कॅलेंडरचा विषय काढला. अ‍ॅडम्सवर गरळ ओकणाऱ्या या पत्रकाराला तुरुंगवासाची शिक्षा झाली होती, त्याला जेफरसनने माफी दिली होती. पत्रामागून पत्रं गेली. जॉनला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. १९ नोव्हेंबरला त्याने सगळी वाचून संपवली आणि नकलेच्या वहीत खाली शेरा मारला: हा पत्रव्यवहार माझ्या नकळत झाला, मिसेस अ‍ॅडम्सच्या इच्छेवरून मी तो वाचला, या ठिकाणी या वेळी मला काही म्हणायचं नाही. असा शेरा मी कुठल्याही फायलीवर वाचलेला नाही.

समेट १ जानेवारी १८१२ ला, बेंजामिन रश या डॉक्टर मित्राच्या खटपटीने. अ‍ॅडम्सने जेफरसनला लिहिलं की घरी विणलेल्या कापडाचे दोन नग पाठवतो आहे. पत्र आधी पोचलं, पार्सल मागे राहिलं. जेफरसनने व्हर्जिनियातल्या घरगुती विणकामावर मनापासून उत्तर लिहून टाकलं. मग पार्सल आलं. त्यात जॉन क्विन्सी अ‍ॅडम्सच्या, म्हणजे पोराच्या, व्याख्यानांचे दोन खंड होते! वहीत या पार्सलसाठी मी वेगळा रकाना काढला.

सध्या मी १८१३ मध्ये आहे. जेफरसनचं एक उत्तर यायच्या आत अ‍ॅडम्स दोन-तीन पत्रं लिहून मोकळा होतो. त्यामुळे तो नेमकं कोणत्या पत्राला उत्तर देतोय हे प्रत्येक वेळी मागची पानं उलटून बघावं लागतं, आणि मी ते बघते.