तुम्ही विचारलंत म्हणून: साहेब मंत्री का झाले नाहीत?

मी एका आमदारांचा स्वीय सहायक होतो, लोकांच्या तोंडी ‘पीए’. साहेब निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी लग्नाच्या पंगतीत कुणी ना कुणी विचारतंच, “तीन टर्म झाल्या, पण लाल दिवा काही नाही. मग मिळवलं काय हो साहेबांनी?”

आधी हिशेब सांगतो. विधानसभेत आमदार २८८. २००३ च्या घटनादुरुस्तीनंतर मंत्रिमंडळ सभागृहाच्या १५ टक्क्यांपेक्षा मोठं करता येत नाही. म्हणजे मुख्यमंत्री धरून ४३, आणि त्यातल्याही काही खुर्च्या विधान परिषदेवाले नेतात. उरलेल्या अडीचशे जणांनी काय घरी बसायचं?

घरी बसायला मात्र कधी मिळालं नाही. सकाळी सहाला दारात माणसं. डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) जळाला, बदली थांबवा, दवाखान्यात खाट मिळवून द्या. एका मोठ्या तिथीला साहेबांनी अकरा मांडवांत अक्षता टाकल्या आणि जेवले कुठेच नाहीत. एखाद्या दहाव्याला जायचं राहिलं, तर ते घर पाच वर्षं लक्षात ठेवतं. यातलं एकही काम आमदाराचं म्हणून घटनेत लिहिलेलं नाही. मतं मात्र त्यावरच पडतात.

लिहिलेलं काम मुंबईत आणि हिवाळ्यात नागपूरला. तारांकित प्रश्न, म्हणजे ज्यांवर मंत्र्यांना सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागतं ते, आम्ही आमदार निवासातल्या खोलीत रात्री बसून लिहायचो. सुरुवात ‘हे खरे आहे काय’, शेवट ‘असल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’. छापील उत्तर यायचं, ‘हे खरे नाही’, ‘प्रश्न उद्भवत नाही’. मला आवडायचं ते ‘हे अंशतः खरे आहे’. त्या ‘अंशतः’मध्ये साहेबांना बरोबर फट सापडायची. एका पाझर तलावात गेलेल्या जमिनींचा मोबदला वर्षानुवर्षं अडकला होता. प्रश्नोत्तरांचा तास एकच, यादी लांबलचक. पण त्या दिवशी आमचा क्रमांक लागला आणि छापील उत्तरावर साहेबांनी विचारलेल्या उपप्रश्नामुळे मंत्र्यांना मुदत सांगावीच लागली. पैसे मिळाले. शेतकऱ्यांना वाटलं, तलाठ्याने मिळवून दिले!

पक्ष वेगळा असूनही साहेब गणपतराव देशमुखांना फार मानायचे. सांगोल्यातून ११ वेळा निवडून आलेले, पहिल्यांदा १९६२ साली, आणि बहुतेक काळ शेकापचे (शेतकरी कामगार पक्षाचे) म्हणून विरोधी बाकांवर. मंत्रीही झाले, पण लोकांच्या लक्षात राहिले ते एसटीने फिरणारे आमदार म्हणून. तेही १९७२ आणि १९९५ मध्ये पडले होते. आमचे साहेब चौथ्या निवडणुकीत पडले, त्या रात्री हेच दोनदा म्हणाले. स्वतःच्याच समाधानासाठी असावं.

आमदार निवासातली खोली रिकामी करायला मीच गेलो होतो. भांडी-गाद्या वाटून टाक म्हणाले, फक्त प्रश्नोत्तरांच्या याद्यांचे गठ्ठे आण. ते अजून त्यांच्या माडीवर आहेत.

मंत्री झाले असते तर दिव्याची गाडी मिळाली असती, हे खरं. पण मग ‘अंशतः’वाली उत्तरं त्यांनाच द्यावी लागली असती.