जुनी काच आणि मिठाचा कागद

वडगावच्या एका विणकर काकांनी जुन्या लुगड्यात गुंडाळून आणलेली काचेची निगेटिव्ह माझ्या टेबलावर ठेवली. साडेआठ बाय साडेसहा इंच, म्हणजे फुल प्लेट. भात्याच्या मोठ्या लाकडी कॅमेऱ्यातलीच. त्यात त्यांची पणजी खुर्चीत बसलेली. सोबत पूर्वी कुठूनतरी काढून घेतलेला ब्रोमाइड प्रिंट, म्हणजे अंधाऱ्या खोलीत छापलेला काळा-पांढरा फोटो होता. चेहरा ठीक, पण लुगडं म्हणजे नुसता पांढरा डाग.

"काठ तरी दिसू देत की हो," काका म्हणाले.

निगेटिव्ह उजेडाला धरली तर काठ स्पष्ट होता. दोष काचेचा नव्हताच. त्या काळी प्रिंट उन्हात छापत, म्हणून प्लेटी चांगल्या दाट, म्हणजे गडद ठेवत. आजच्या कागदाला ती दाटी झेपत नाही. मग मी इंग्लंडच्या टॅल्बटने 1830च्या दशकात शोधलेला मिठाचा कागद करायचं ठरवलं.

चित्रकलेचा जाड कागद 2 टक्के मिठाच्या पाण्यातून काढून वाळवला. रात्री पिवळ्या बल्बच्या मंद उजेडात त्यावर सिल्व्हर नायट्रेट ब्रशने फिरवलं. हातमोजे हवेतच, नाहीतर बोटं काळी पडतात. सकाळी काचेची मंद, म्हणजे चित्राचा लेप असलेली इमल्शनची बाजू कागदाला लावून फ्रेम गच्चीवर उन्हात ठेवली. बेळगावात पावसाळ्यात हे काम म्हणजे ढगांची मनधरणी. दिवाळीनंतरचं ऊन मात्र सोन्यासारखं.

या कागदाची खुबी अशी, की सावल्या आधी काळ्या होतात आणि तो काळेपणाच खालच्या थराला पुढचं ऊन लागू देत नाही. तोवर निगेटिव्हच्या दाट भागातून, म्हणजे इथे लुगड्यातून, ऊन हळूहळू झिरपत राहतं. फ्रेमची मागची फळी अर्धी उघडून बघता येते, कागद जागचा हलत नाही. दुसऱ्यांदा उघडली तेव्हा लुगड्यावर काठ उमटला होता. हायपोत, म्हणजे प्रिंट पक्का करणाऱ्या द्रावणात, प्रिंट फिका होतो, म्हणून आणखी गडद होऊ दिला.

धुऊन वाळलेला प्रिंट काकांनी भिंगाखाली धरला. त्यांचं बोट काठावरून सरकत गेलं. "गोमी! इरकलच हे. आमच्याच मागावरचं असणार." गोमी म्हणजे इरकल लुगड्याच्या काठाची एक नक्षी.

"काठ काळा होता का?" त्यांच्या नातवाने विचारलं.

जुन्या प्लेटींना लाल रंग दिसत नाही, तो काळा उतरतो. निळा उलट पांढऱ्याच्या जवळ जातो, हे मी सांगितलं. काका लगेच म्हणाले, "मग लालच काठ. आणि अंग निळं असंल."

अंग निळं की पांढरं, हे काच सांगू शकत नाही, हेही मी त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि बहिणींसाठी आणखी दोन प्रिंट सांगितले.