अरबी शिकवणीचं ॲप आणि वजाचं चिन्ह

“अरबी ना? मग काय, सगळं उजवीकडून डावीकडे उलटवायचं!” हे मला आजवर इतक्या जणांनी सांगितलंय की आता मी वादच घालत नाही. ज्यांना अरबीत ॲप बनवण्याचं काम खरंच करायचंय त्यांच्यासाठी लिहिते आहे. आणि खरं सांगायचं तर थोडी मळमळ बाहेर काढण्यासाठीही.

2024 च्या सुरुवातीला आमच्याकडे जॉर्डनची राजधानी अम्मान इथल्या एका कंपनीचं काम आलं. शाळकरी मुलांसाठी ऑनलाइन शिकवणी. शिक्षक जॉर्डन, इजिप्त आणि मोरोक्कोतले. मुलं तिथलीच, शिवाय सौदी आणि कुवेतमधली. डिझाइन माझं, प्रोग्रामिंगची टीम पुण्यातच, आणि मजकूर, प्रश्नसंच, भाषा हे सगळं अम्मानहून यायचं.

पडदे उलटवण्याचं काम खरोखरच चटकन झालं. पानाची दिशा एकदा ठरवून दिली आणि सीएसएसमध्ये (म्हणजे पानाची मांडणी सांगणाऱ्या भाषेत) डावा-उजवा असं न लिहिता ‘सुरुवातीची बाजू’ आणि ‘शेवटची बाजू’ या हिशेबानं लिहिलं की बहुतेक गोष्टी आपोआप जागेवर जातात. कोणती चिन्हं वळवायची एवढंच बघावं लागतं. मागे जाण्याचा बाण वळतो. व्हिडिओचा प्लेचा त्रिकोण, घड्याळ आणि बरोबरची खूण वळत नाहीत. अक्षरांच्या बाबतीत तर मराठी माणूस चार पावलं पुढेच असतो. ओळींमधलं अंतर आवळलं की आपल्या वेलांट्या कापल्या जातात, तशाच त्यांच्या स्वरखुणाही कापल्या जातात, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. फक्त अक्षरांमधलं अंतर वाढवून शीर्षक ‘ऐटदार’ करायचा मोह टाळा. अरबी अक्षरं एकमेकांना जोडून लिहितात, ती मधेच सुटी झाली की वाचणाऱ्याला ठेच लागते. तिरपा ठसाही नको.

नोंदणी, शिक्षक शोधणं, तासाची खोली, सगळं मार्गी लागलं. घोडं अडलं ते गणितापाशी.

झालं असं की अरबी भाषा एक असली तरी अरबी गणित लिहिण्याची रीत एक नाही. इजिप्तच्या अरबी माध्यमाच्या पुस्तकांत समीकरणही वाक्यासारखं उजवीकडून सुरू होतं. एक्सच्या जागी ‘सीन’ हे अक्षर, वायच्या जागी ‘साद’, आकडे त्यांच्या वळणाचे, आणि वर्गमुळाचं चिन्हसुद्धा आरशात पाहिल्यासारखं. मोरोक्कोत वाक्य अरबीच, पण मध्ये समीकरण आलं की ते फ्रेंच पुस्तकातल्यासारखं डावीकडून, एक्स-वाय लॅटिन आणि आकडे आपण इंग्रजी म्हणतो ते. कैरोतही ज्यांना तिथे ‘भाषा शाळा’ म्हणतात त्या शाळांत गणित इंग्रजीतून शिकवतात. म्हणजे एकाच इमारतीत राहणाऱ्या दोन मुलांची समीकरणं दोन दिशांना धावतात. हे काही मी लावलेले शोध नाहीत. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं 2006 मध्ये अरबी गणितलेखनावर एक टिपण प्रसिद्ध केलंय, त्यात या प्रांतोप्रांतीच्या रीती चित्रांसह दिल्या आहेत. पहिल्याच बैठकीत मी ते सगळ्यांसमोर उघडून ठेवलं होतं.

ग्राहकाकडे मजकुराला मान्यता देणारी एक समिती होती. तिचं म्हणणं, “सगळ्या देशांना चालेल अशी एकच रीत ठेवा.” कोणती? “ते तुम्ही सुचवा, आम्ही मान्यता देऊ.” मी सुचवलं की एक रीत चालणार नाही, प्रत्येक प्रश्नाला त्याच्या अभ्यासक्रमाची रीत जोडावी लागेल. यावर मला एक्सेलचा मान्यता-तक्ता आला. प्रत्येक पडद्याला एक ओळ, आणि पुढे निवडायला तीनच पर्याय: मान्य, बदलांसह मान्य, अमान्य. ‘देशानुसार वेगवेगळं’ हे सांगायला जागाच नाही. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, तर तक्ता परत आला तेव्हा रकाना रिकामा होता आणि गणिताच्या ओळीपुढे ‘पुनरावलोकन सुरू आहे’.

तेच वाक्य पुढे मी इतक्या वेळा वाचलं की ते अरबीत कसं दिसतं हेही डोळ्यांना ओळखू यायला लागलं.

त्यात आठवड्याचं गणित. जॉर्डनमध्ये सुट्टी शुक्रवार-शनिवार, आपली शनिवार-रविवार. म्हणजे गुरुवारी दुपारनंतर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिकडे रविवारी लिहिलं जाणार आणि इकडे सोमवारी वाचलं जाणार, आणि ते उत्तर म्हणजे दुसरा प्रश्न. मार्चमध्ये रमजान सुरू झाला, कचेऱ्यांच्या वेळा आखूड झाल्या, मग ईद. उपास करणाऱ्या माणसांबद्दल माझी काडीची तक्रार नाही. रमजान कधी येणार हे कॅलेंडरात आधीपासून दिसतं, आणि असं काम घेणाऱ्यानं ते बघूनच तारखा द्याव्यात. माझा राग त्या तक्त्यावर होता. इकडे आमचे प्रोजेक्ट मॅनेजर रोज सकाळी चहाच्या वेळी, “मॅडम, गणिताचं काय झालं?” आणि मी रोज, “पुनरावलोकन सुरू आहे.”

आता जरा तांत्रिक, पण हे समजल्याशिवाय या कामात हात घालू नका. एका ओळीत अरबी आणि इतर मजकूर एकत्र आला की तो कोणत्या क्रमानं दाखवायचा याचे युनिकोडचे (सगळ्या लिप्यांची अक्षरं संगणकावर लिहिण्याच्या जागतिक मानकाचे) नियम आहेत. त्या नियमांत अक्षरांना ठाम दिशा असते. आकडे आणि चिन्हं मात्र आजूबाजूला काय आहे ते बघून वागतात. उजवीकडून लिहिलेल्या परिच्छेदात, अरबी शब्दानंतर तुम्ही 5-3 टाइप केलंत, तर पडद्यावर डोळ्यांना 3-5 असं दिसतं. तेच 5-3 परिच्छेदाच्या अगदी सुरुवातीला, मोकळी जागा न सोडता लिहिलंत, तर जसंच्या तसं दिसतं. वजाच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडलीत की पुन्हा उलटं. हा कुणाचा बग नाही, नियमच तसे आहेत. कैरोतलं मूल उजवीकडून वाचतं, त्याला ते पाच वजा तीन. मोरोक्कोच्या कासाब्लांकातलं मूल समीकरण डावीकडून वाचतं, त्याला तीन वजा पाच. उत्तर दोन की उणे दोन, हे मूल कुठल्या शाळेत जातं यावर. उणे संख्येचं तर आणखी वाईट: वाक्याच्या मध्ये आलेल्या −3 चं चिन्ह उडी मारून आकड्याच्या उजवीकडे जाऊन बसतं.

फोन नंबरचंही हेच होतं बरं का, हे आत्ता आठवलं. अधिक चिन्हासह, मोकळ्या जागा सोडून लिहिलेला नंबर अरबी पानावर तुकड्या-तुकड्यांनी उलटा दिसतो. नंबरचा रकाना कायम डावीकडूनच ठेवा.

उपाय आहे. समीकरणाला वाक्यापासून तोडून स्वतःच्या कप्प्यात ठेवायचं आणि त्या कप्प्याला स्वतःची दिशा द्यायची. वेबपानं ज्यात लिहितात त्या एचटीएमएलमध्ये त्यासाठी खास टॅग आहे, आणि साध्या मजकुरासाठी युनिकोडनं 2013 मध्ये न दिसणारी खास चिन्हं दिली. उजवीकडून जाणाऱ्या समीकरणांची सोय मॅथएमएलमध्ये, म्हणजे वेबवर गणित लिहायच्या भाषेत, आहे. क्रोम ब्राउझरमध्ये मॅथएमएल 2023 च्या जानेवारीत परत आलं, त्यामुळे आमचं नशीब बरं. जुन्या फोनांसाठी मात्र तीच समीकरणं सर्व्हरवर चित्र करून पाठवावी लागली. एका रीतीतून दुसऱ्या रीतीत आपोआप रूपांतर करायच्या भानगडीत आम्ही पडलो नाही. कुणी ‘एआयनं होऊन जाईल’ म्हणालं तर त्याला नम्रपणे चहा पाजा आणि घरी पाठवा. आणि आलेख उलटवू नका! इजिप्तच्या पुस्तकातही धन संख्या उजवीकडेच वाढतात, समीकरण कुठूनही वाचा.

हे सगळं मी समितीला लिहून पाठवलं, चित्रं काढून पाठवलं. पुनरावलोकन सुरूच.

शेवटी मी मान्यता मागणंच थांबवलं आणि एक चाचणी तास ठेवला. कैरोतले एक गणिताचे सर, कासाब्लांकातल्या एक बाई, दोघं खऱ्या ॲपवर, आणि प्रेक्षक म्हणून समितीच्या प्रमुख बाई. पडद्यावर अरबी वाक्य आणि त्याच्या शेवटी ती वजाबाकी. दोघांनाही सांगितलं, मुलाला समजावता तसं मोठ्यानं सोडवा. सरांनी सोडवलं, दोन. बाईंनी सोडवलं, उणे दोन. मग दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि अरबीत असं काही जोरदार सुरू झालं की आमच्या दुभाष्यानं भाषांतर सोडून नुसतं हसायला सुरुवात केली. प्रमुख बाई थोड्या वेळानं म्हणाल्या, “पण हे तर दोन वेगळे प्रश्न झाले.”

मी काही बोलले नाही. फार कष्टानं.

त्याच संध्याकाळी तक्ता परत आला. गणिताच्या ओळीपुढे ‘मान्य’, आणि शेरा: ‘विलंब न करता अमलात आणावे.’ तो स्क्रीनशॉट मी जपून ठेवलाय. तेव्हा सल्ला असा की मान्यतेसाठी कागद पाठवू नका, दोन देशांतले दोन शिक्षक एका खोलीत बसवा. आणि करारातच लिहून घ्या की अमुक मुदतीत उत्तर आलं नाही तर आमचा प्रस्ताव मान्य धरला जाईल.

मग ठरलं ते असं: मूल नोंदणी करताना देश, इयत्ता आणि माध्यम निवडतं, प्रत्येक प्रश्नाबरोबर त्याची रीत साठवलेली असते, आणि शिक्षकाला दुसऱ्या रीतीचं मूल आलं तर तास सुरू होण्याआधीच तसं दिसतं. गंमत म्हणजे ज्या भागाची मला सर्वांत धास्ती होती तो पडद्यावरचा फळा सगळ्यांत सोपा गेला. हातानं लिहिणारा शिक्षक आपल्या सवयीनं हव्या त्या बाजूनं लिहितो. फळ्याला दिशा नसतेच.

वेळापत्रकाबद्दल सांगायचं राहिलं, आणि ते फार महत्त्वाचं आहे. इजिप्तनं 2023 पासून उन्हाळी वेळ पुन्हा सुरू केली, एप्रिलच्या शेवटच्या शुक्रवारी घड्याळ एक तास पुढे जातं. जॉर्डननं 2022 मध्ये घड्याळ बदलणंच बंद केलं. मोरोक्को तर रमजानपुरतं एक तास मागे जातं आणि नंतर परत पुढे येतं. म्हणजे कैरोचे शिक्षक आणि अम्मानचा विद्यार्थी यांच्या घड्याळांत कधी एक तासाचं अंतर, कधी काहीच नाही. दर आठवड्याचा तास युटीसीत (जागतिक प्रमाण वेळेत) बदलून साठवलात तर एप्रिलअखेर फोन सुरू होतील. ‘कैरोच्या घड्याळानं संध्याकाळी सहा’ असाच साठवा, शिक्षकाचं घड्याळ प्रमाण धरा, आणि ज्या आठवड्यात अंतर बदलणार त्याच्या आधी विद्यार्थ्याला ठळक सूचना द्या. आठवडा कोणत्या वारी सुरू होतो हेही देशावर. सौदीची सुट्टी शुक्रवार-शनिवार, मोरोक्कोची शनिवार-रविवार, आणि अमिरातींनी 2022 पासून शनिवार-रविवार केली.

तारखांचं एक: आम्ही भाषेचा कोड ‘अरबी, सौदी’ दिला तेव्हा ब्राउझरनं परस्पर हिजरी, म्हणजे इस्लामी कॅलेंडरच्या, तारखा दाखवल्या. कुठलं कॅलेंडर हवं ते कोडमध्ये स्पष्ट लिहा. आकड्यांचंही तसंच, आणि तपासणाऱ्या मराठी मुलांना आधीच बजावून ठेवा की त्यांचा पाच आपल्या शून्यासारखा गोल दिसतो आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका.

शोधात हम्झासह (ही अक्षरावरची एक छोटी खूण) आणि हम्झाशिवाय लिहिलेला अलिफ (अरबीतलं पहिलं अक्षर) एकच धरा, नाहीतर ‘अहमद’ नावाचे निम्मे शिक्षक सापडणार नाहीत. ‘3 तास बाकी’ यासारख्या वाक्यांसाठी मराठीत एकवचन-अनेकवचनावर भागतं. अरबीसाठी सहा रूपांची सोय ठेवावी लागते. शिक्षिका निवडण्याची सोय आणि तासाला शिरताना कॅमेरा बंद, या दोन गोष्टी पालकांनी पहिल्याच फेरीत मागितल्या, आणि त्या द्याव्यातच.

पैशांच्या पडद्यावर काम करणाऱ्यांसाठी एवढंच: कुवेती दिनाराचे हजार फिल्स होतात, जॉर्डनच्या दिनाराचेही. सौदी रिआल आणि इजिप्शियन पौंडाचे शंभरच भाग. सगळीकडे दोन दशांश स्थळं गृहीत धरून रक्कम पेमेंट गेटवेला (कार्डाचे पैसे वळते करणाऱ्या सेवेला) पाठवलीत तर दिनारात ती थेट दहापटीनं चुकते. कुवेतचं खरं कार्ड घेऊन, अगदी छोट्या रकमेचा, एक व्यवहार करून बघा. ॲप सुरू करण्याआधी.