तिसरा पट्टा

अमृतमहोत्सव समितीचे पत्र आले. ‘शाळेच्या आठवणी दोन पानांत लिहून पाठवाव्यात’ असे त्यात होते. आठवायला बसलो तर प्रत्येक आठवण फिरून फिरून चिंचेखालच्या पारावर, वस्ताद सरांपाशी येऊन थांबू लागली. बाकी सगळ्या गुरुजनांचे ऋण आहेच, आणि त्यांच्याविषयी इतर तुकड्यांतले मित्र लिहितील. ही दोन पाने मात्र सरांची.

हजेरीपटावर सर इतिहास आणि शारीरिक शिक्षणाचे शिक्षक. संध्याकाळी पेठेतल्या तालमीत ते मर्दानी खेळ शिकवीत, म्हणून पेठेत त्यांना वस्ताद म्हणत. आपण त्याला ‘सर’ जोडले. शाळेच्या स्नेहसंमेलनात दांडपट्टा फिरताना पाहून टाळ्या वाजवणाऱ्यांना, त्या पाच मिनिटांमागे जून ते जानेवारी असे आठ महिने असत, हे दिसत नसे. ते इथे लिहून ठेवावे असे वाटते.

जूनमध्ये कुणाच्याही हातात काही येत नसे. खालच्या पटांगणावर सर चुन्याने चौकोन आखत आणि गणपतीपर्यंत फक्त पवित्रे. पुढचा गुडघा वाकलेला, मागची टाच बोटभर उचललेली, दोन पावलांत ज्याच्या त्याच्या दीड हाताचे अंतर. हे अंतर वाढले की चटकन वळता येत नाही आणि कमी झाले की हत्याराच्या ओढीने तोल जातो. पाऊस असला तर हाच सराव वर्गाबाहेरच्या लांब व्हरांड्यात. पोरे कंटाळत. सर रागावत नसत, पुन्हा चुना घेऊन रेघ गडद करत.

गणपतीनंतर काठी. काठी ज्याच्या त्याच्या कानाच्या पाळीइतकी उंच, तीही भरीव वेळूची. सर ती गगनबावड्याकडून आणवीत, आणि वेळू हिवाळ्यातच तोडलेला हवा हा त्यांचा हट्ट असे. पावसाळ्यातल्या वेळूत रस भरलेला असतो. तो वाळताना चिरतो आणि त्याला कीडही लवकर लागते. तोडलेली काठी दोन महिने सावलीत आडवी, मग विस्तवावर शेकत शेकत सरळ करायची, मग तेल. उन्हात वाळवलेली काठी दिसायला तशीच दिसते, पण दुसऱ्या काठीवर जोरात बसली की उभी फाटते आणि तिच्या चिपा डोळ्यांकडे उडतात.

त्यानंतर फरीगदगा. गदगा म्हणजे चामड्याने मढवलेली काठी, फरी म्हणजे चामड्याची लहान ढाल. तलवारीचा सगळा हिशेब इथे शिकायचा: शिर डोक्यावर, तमाचा आणि बाहेरा दोन कानशिलांवर, कमर कमरेवर, हूल म्हणजे टोकाने भोसकणे. एकाने वार पुकारायचा, दुसऱ्याने फरीवर घ्यायचा. फरी अंगाला चिकटवून धरली तर वाराचा धक्का आपल्याच बरगडीत येतो, म्हणून ती कोपरापुढे वीतभर.

पट्टा दिवाळीच्या सुट्टीनंतर. दांडपट्टा म्हणजे लांब तलवार हे बाहेरच्यांना वाटते. तलवारीत मनगट मोकळे असते; पट्ट्यात ते खोबळ्यात, म्हणजे कोपराखालपर्यंत येणाऱ्या पोलादी आवरणात, बंद होते. आतली आडवी मूठ पकडायची, खोबळ्याच्या वरच्या टोकाची पट्टी कोपराखाली बांधायची, की हात आणि पाते मिळून एकच सरळ रेघ होते. खोबळ्यासकट साधारण साडेचार फुटांचे हत्यार, पाते दुधारी आणि लवचिक. मनगटाने ते वळत नाही. ते वळते खांद्याने आणि कमरेने, आणि कमर वळते पायांवर. जूनमधल्या चुन्याच्या रेघा कशासाठी होत्या, ते इथे नोव्हेंबरात कळे.

पोरांचे हात बारीक, खोबळा मोठ्या माणसाच्या मापाचा. पट्टी कितीही आवळली तरी आत हात फिरतो आणि मग धार सोडून पात्याची चपटी बाजू पुढे येते. सर जुन्या धोतराची चिंधी कोपराखाली गुंडाळत. मग खोबळ्याची पट्टी आवळायची ती हात आणि तिच्यामध्ये दोन बोटे जेमतेम शिरतील इतकीच. त्याहून घट्ट केली तर पाच मिनिटांत बोटांना मुंग्या येतात आणि मूठ सुटते.

धार बरोबर येते आहे की नाही, हे सर पाहत नसत, ऐकत. पारावर पोरांकडे पाठ करून बसलेले असत. पाते धारेने हवा कापत असेल तर बारीक, सरळ ‘सूंऽ’ येतो. थोडे जरी तिरके झाले तर आवाज फडफडतो, ओले कापड झटकल्यासारखा. पाठमोरे सर म्हणत, “कोपर वाकलं बघ.” आणि खरोखर वाकलेले असे.

लिंबू कापण्याचा प्रयोग सगळ्यांना आवडायचा, म्हणून त्याची रीतही सांगतो. सुरुवात लिंबावर नाही. आधी ओल्या मातीचे गोळे, कारण मातीत कापलेला माग राहतो. वार सपाट गेला की तिरका, ते पोरालाच दिसते. मग केळीचा खुंट. शेवटी लिंबू, ते लहान, पिकलेले, बुडाशी चकती कापून स्टुलावर बसते केलेले. पात्याचे टोक लिंबाच्या पुढे वीतभर जाईल इतक्या अंतरावर उभे राहायचे. टोकानेच कापायला गेले तर पाते लवते आणि वार दोन बोटे खाली उतरतो. स्टूल तुटते, धारेला खाच पडते. लिंबू कापून झाले की टाळ्या थांबायच्या आत कोरड्या फडक्याने पाते पुसायचे. लिंबाचा रस पोलादावर काही मिनिटे जरी राहिला तरी काळा डाग धरतो, आणि तो डाग पुढे खोल जातो. सरांच्या खिशात त्यासाठी मांजरपाटाचा तुकडा कायम असे. मुलाच्या तळहातावर लिंबू ठेवून कापायला त्यांनी कधीही परवानगी दिली नाही. पाहुण्यांनी आग्रह केला तरी नाही.

आता ती संमेलनाच्या आदल्या दिवसाची गोष्ट. चार पट्ट्यांचा खेळ बसवला होता. रंगीत तालीम चालू, हलगी वाजत होती, सर पारावर बशीत चहा ओतून पीत होते. मध्येच त्यांनी बशी खाली ठेवली. “हात थांबवा पोरांनो. तिसरा पट्टा वाजतोय.” हलगीच्या आवाजात आम्हाला कुणालाच काही ऐकू आले नव्हते. सरांनी तिसऱ्या मुलाच्या हातातला पट्टा काढून घेतला, खोबळ्याला धरून आडवा केला आणि पात्यावर बोटाच्या पेराने टकटक केले. पहिल्या पट्ट्यावर केले तेव्हा स्वच्छ, लांबणारा नाद आला होता. यावर आली ती घरघर. खोबळ्यापासून निघालेल्या दोन पोलादी पट्ट्यांच्या मध्ये पाते रिव्हेटांनी पकडलेले असते. त्यातला पुढचा रिव्हेट सैल झाला होता. नुसत्या डोळ्यांना दिसला नसता. आणखी शंभर वारांत पाते निसटून समोरच्या रांगेत गेले असते, आणि समोरच्या रांगेत पाचवीची मुले बसत.

सरांनी चारही पट्टे कापडात गुंडाळले आणि संमेलनात पट्ट्याचा खेळ होणार नाही असे सांगितले. प्रमुख पाहुणे खास तोच पाहायला येणार होते. कार्यक्रमपत्रिका छापून झाली होती. सरांनी कुणाशी वाद घातला नाही. काठीचा खेळ झाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या पट्ट्याचा मुलगा मात्र रडत होता.

संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी त्याच मुलाला शस्त्रांच्या खोलीच्या दगडी उंबऱ्यावर बसवले. जुन्या रिव्हेटचे डोके कानशीने घासून काढले, सुंब्याने ठोकून तो बाहेर पाडला. भोक पाहिले, ते लांबट झाले होते, म्हणून गोल करून थोडे मोठे केले. नवा रिव्हेट मऊ लोखंडाचा, भोकाबाहेर स्वतःच्या जाडीच्या दीडपट राहील इतका लांब. कमी राहिला तर डोके धरत नाही. जास्त राहिला तर ठोकताना आडवा वाकतो. मधोमध एकच जोरदार घाव घालायचा नाही. कडेकडेने, गोल फिरत, हलके हलके. मग पुन्हा पेराने टकटक. तिसऱ्या खेपेला नाद स्वच्छ आला, तेव्हा सरांनी हातोडी त्या मुलाच्या हातात दिली आणि दुसरा रिव्हेट त्याच्याकडून करवून घेतला. तो मुलगा आज शंभरेक मुलामुलींना पट्टा शिकवतो. खेळाआधी त्याची मुले रांगेत उभी राहून पट्टे वाजवून दाखवतात.

इतिहासाच्या तासालाही सर असेच. पावनखिंडीचा धडा ते रडवण्यासाठी शिकवत नसत, आणि तरी वर्ग रडायचा. पट्टा फिरवणाऱ्याभोवती हात आणि पाते मिळून साधारण सहा फूट त्रिज्येचे वर्तुळ तयार होते. त्या वर्तुळात शत्रू येऊ शकत नाही, तसा आपला माणूसही जवळ उभा राहू शकत नाही. सर एवढेच सांगत आणि खडूने फळ्यावर खिंड काढून तिच्यात ते वर्तुळ काढत. १३ जुलै १६६० ला घोडखिंडीत बाजीप्रभू, १६६५ साली पुरंदरावर दिलेरखानासमोर मुरारबाजी. दोघांच्या नावांपुढे फळ्यावर एकेकच वर्तुळ. त्या वर्तुळातला एकटेपणा पोरांना आपोआप कळे.

वाघनखाविषयी ते म्हणत, हे मारायचे हत्यार नाही, फाडायचे आहे. कड्या पहिल्या बोटात आणि करंगळीत, नख्या तळव्याच्या आत. मूठ गच्च आवळली तर आपलाच तळवा फाटतो, म्हणून ते लपवून धरायलाही सराव लागतो. १० नोव्हेंबर १६५९ च्या प्रतापगडच्या भेटीतले शौर्य समजायचे तर मिठी मारायला निघालेला तो हात अर्धवट मिटलेला, सावध, पण सहज दिसणारा असा डोळ्यांपुढे आणा, असे सर सांगत. आणि सय्यद बंडाचा उगारलेला हात तोडणाऱ्या जिवा महालाचे नाव घेतल्याशिवाय तो धडा संपत नसे.

भवानी तलवारीचा विषय निघाला की पोरे विचारत, देवीने खरेच दिली का? सरांची देवीवर अपार श्रद्धा. नवरात्रात ते अनवाणी असत. ते म्हणत, देवी तलवारीत उतरली हे मी मानतो, आणि पाते कुठल्या भट्टीतले हेही मला कळले पाहिजे. मग फिरंगेचा धडा. त्या काळी उत्तम सरळ पाती युरोपातून समुद्रमार्गे येत, म्हणून नाव फिरंग. मूठ इथे चढे, परज (मुठीवरचे बोटे राखणारे कडे) इथली, पकड इथली. साताऱ्याच्या राजघराण्यात पुजली जाते ती भवानी. लंडनला आहे ती जगदंबा. १८७५-७६ च्या दौऱ्यात प्रिन्स ऑफ वेल्सला कोल्हापूरच्या अल्पवयीन चौथ्या शिवाजी महाराजांकडून भेट गेलेली. या दोहोंची गल्लत पेपरात कुणी केली की सर कात्रण काढून फळ्यावर चिकटवत आणि शेजारी दुरुस्ती लिहीत.

फेब्रुवारी २०२४ मध्ये दांडपट्टा महाराष्ट्राचे राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाला. त्याच वर्षी जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातले वाघनख साताऱ्याच्या संग्रहालयात आले, आणि ते पाहायला रांगा लागल्या. दोन्ही बातम्यांच्या दिवशी वस्ताद सरांच्या किती विद्यार्थ्यांनी एकमेकांना फोन केले असतील! सर असायला हवे होते.

आता मन दुखते ते सांगतो. आज मिरवणुकांत फिरणारे बरेच पट्टे पातळ पत्रा कापून केलेले आणि वर निकेलचा मुलामा दिलेले असतात. चांगल्या पात्याला हलके वाकवून सोडले की ते सरळ होते. हे वाकले की वाकलेलेच राहते, कारण त्याला तापवून पाणीच दिलेले नसते. मुलांना पंधरा दिवसांत लिंबापर्यंत नेतात, तेही दुसऱ्या मुलाच्या तळहातावरच्या, समोर मोबाइल धरून. पवित्रे नाहीत, फरीगदगा नाही. एखादा अपघात झाला की दोष खेळावर येतो. ज्या कलेला आत्ता कुठे राज्याचा मान मिळाला, तिच्या शिक्षणाला आठ महिने देण्याची तयारी निदान शाळांनी तरी दाखवावी, असे फार वाटते. आपल्या शाळेत मुलींचे पथक सुरू झाले आहे हे पत्रात वाचून मात्र खरा आनंद झाला.

समितीला एक विनंती. शस्त्रांच्या खोलीतल्या वस्तू आता मुख्याध्यापकांच्या दालनातल्या काचेच्या कपाटात आहेत असे कळले. तलवारी चामड्याच्या म्यानात ठेवल्या असतील तर बाहेर काढून शेजारी ठेवाव्यात. चामडे ओल धरते आणि पाते आतून गंजते. कपाटावर दुपारचे ऊन येत असेल तर जागा बदलावी. जुन्या मुठी राळेच्या मसाल्याने बसवलेल्या असतात आणि उष्णतेने ढिल्या पडतात. गंज दिसला तरी पॉलिश कागद लावू नये, तेलाचे बोट फिरवून दोन दिवस वाट पाहावी आणि मऊ कापडाने पुसावे. खंडेनवमीला सर गंध-फूल मुठीवर वाहत, पात्यावर नाही, आणि आरती झाल्यावर त्याच संध्याकाळी सगळे कोरडे पुसून खोबरेल लावत.

आणि मुख्य कार्यक्रमात ते चार पट्टे काढणार असाल तर आदल्या दिवशी, हलगी सुरू व्हायच्या आधी, एकेक आडवा धरून पेराने वाजवून पाहावा. तिसऱ्यावर पुढच्या रिव्हेटचे डोके थोडे मोठे आहे, त्यावरून तो ओळखता येईल.

— एक माजी विद्यार्थी, दहावी ‘ब’