खोडलेलं वाचता आलं पाहिजे

मालवणच्या किनाऱ्यावरच्या आमच्या मच्छीमार सहकारी सोसायटीने पोटनियम दुरुस्त करायचं ठरवलं, आणि दुरुस्तीचा मसुदा छापण्याजोगा करून देण्याचं काम माझ्याकडे आलं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, जाळी विणायला काढलेली. सभासदांना निवांत बसून कागद वाचायला मिळतात ते याच दिवसांत. म्हणून पावसाळा संपायच्या आत मसुदा घरोघरी पोचवायचा होता.

समितीची अट एकच होती. जुना मजकूर पुसून टाकायचा नाही. जे वगळायचं त्याच्यावर आडवी रेघ, जे नव्याने येणार त्याच्या खाली रेघ, आणि दोन्ही एकाच ओळीत शेजारी शेजारी. बैठकीत रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, आयुष्य काढलेल्या एका आजोबांनी ती अट त्यांच्या शब्दांत सांगितली: “काय काढलां नि काय घातलां, ता आमका दिसाक व्हया.” सहकारी संस्थांच्या १९६० च्या कायद्यातल्या कलम १३ प्रमाणे नोंदणी झाल्याशिवाय पोटनियमातली दुरुस्ती लागू होत नाही, आणि नोंदणीला जाण्याआधी ती सर्वसाधारण सभेपुढे यावी लागते. सभेत हात वर करणाऱ्या माणसाला आपण नेमकं कशावर मत देतोय हे कळायलाच हवं. मला ते मनापासून पटलं. पुढचे सगळे निर्णय मी त्या एका वाक्याला धरून घेतले.

वर्डमध्ये खोडरेघेचं बटण असतं, हे मलाही माहीत आहे. पण पोटनियमांत कलमं एकमेकांकडे बोट दाखवतात. ‘नियम २३ मध्ये नमूद केल्याप्रमाणे’ असं पानोपानी येतं. मध्ये एक नवा नियम घुसला की पुढचे सगळे आकडे सरकतात आणि ते हाताने बदलायचे म्हणजे एखादा सुटणारच. एमएस्सीला गणित होतं तेव्हा मी लेटेक शिकले होते. लेटेक म्हणजे मजकुरातच आज्ञा लिहून, मग फाइल चालवून छापील पान तयार करायची प्रणाली. त्यात प्रत्येक कलमाला खूण देऊन ठेवली की आकडे आपोआप जुळतात. शिवाय मसुद्याची आणि अंतिम प्रत एकाच फाइलमधून निघते. ते कसं, ते पुढे सांगते.

जुने पोटनियम युनिकोडच्या, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतांच्या, आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेले होते. ते युनिकोडमध्ये आणून, छापील प्रतीशी ओळ न् ओळ ताडून घेतले. मग झीलेटेकमध्ये (युनिकोड चालणारा लेटेकचा प्रकार) मराठीसाठी पॉलिग्लॉसिया हे भाषांचं पॅकेज लावलं, आकडे देवनागरीत घेतले आणि आयआयटी मुंबईचा शोभिका फॉन्ट निवडला. तो मुक्त परवान्याचा आहे आणि त्यातली जोडाक्षरं मला आवडतात. इथपर्यंत काही अडलं नाही.

अडलं ते रेघांपाशी. लेटेकमध्ये अधोरेखनाची आज्ञा मुळातच असते, पण ती सगळा मजकूर एका अखंड पेटीत कोंबते. पेटी ओळीच्या शेवटी तुटत नाही, त्यामुळे लांब वाक्य समासाच्या बाहेर निघून जातं. एका शब्दासाठी ती पुरते, कलमासाठी नाही. खोडरेघेची तयार आज्ञा तर नाहीच. त्यासाठी जोडपॅकेज, म्हणजे जादा आज्ञा पुरवणारी तयार फाइल, घ्यावं लागतं. ‘सोल’ नावाचं एक आहे, पण ते शब्द सुटे करून पुन्हा जुळवतं आणि त्याची घडण रोमन लिपी समोर ठेवून झालेली आहे. देवनागरी कलमावर ते माझ्याकडे चाललं नाही, म्हणून मी त्याच्यात फार वेळ घातला नाही. डोनाल्ड आर्सेनो यांचं ‘युलेम’ मात्र शब्द अख्खा उचलतं. जोडाक्षरं, वेलांट्या, रफार जसेच्या तसे राहतात, आणि दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेत ओळ तुटते. युलेम घेताना ‘नॉर्मलेम’ हा पर्याय लिहायचाच, नाहीतर जिथे जिथे तिरप्या अक्षरांत ठसवलेला मजकूर असेल तोही अधोरेखित होतो. आमच्या मसुद्यात खालची रेघ म्हणजे ‘नवीन मजकूर’ एवढाच अर्थ होता. तिथे एकही फुकटची रेघ चालणार नव्हती.

पहिली छापील पानं हातात आल्यावर खरा प्रश्न दिसला. अधोरेखा किती खाली ओढायची हे युलेम रोमन कंस आणि ‘j’ हे अक्षर यांच्या खोलीवरून ठरवतं. आपले उकार त्या हिशोबात येतच नाहीत. ‘कुटुंब’, ‘मृत्यू’, ‘पूर्तता’ या शब्दांत रेघ उकारांना चाटून जात होती, आणि ‘मृत्यू’मध्ये तर ऋकार आणि दीर्घ ऊकार दोन्ही तिच्यात अडकले. वारसाच्या नियमात हाच शब्द वारंवार येतो. मग ती खोली मीच ठरवून दिली. ‘यूएलडेप्थ’ नावाचं माप असतं, त्यात फॉन्टमधल्या सर्वांत खोल उकाराच्याही खाली जाईल एवढी किंमत भरली आणि दोन ओळींमधलं अंतर वाढवलं. अंतर न वाढवता रेघ खाली नेली तर ती खालच्या ओळीच्या वेलांट्यांवर जाऊन बसते.

खोडरेघेचं गणित आणखी नाजूक. तिची उंची रोमन एक्स या अक्षराच्या उंचीच्या हिशोबात, साधारण ०.५५ पटीवर बांधलेली असते. रोमन अक्षरं तळरेषेवर उभी असतात, आपली शिरोरेषेला टांगलेली. त्यामुळे ती रेघ देवनागरी अक्षराच्या मधोमध न जाता बरीच खालून जाते. वर शिरोरेषा, खाली खोडरेघ, अशा दोन रेघांमध्ये शब्द सापडतो. जरा वर सरकवली तर ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांच्यात फरक करणारा भाग नेमका झाकला जातो. वेगवेगळ्या उंचीवर एकच कलम छापून मी ते कागद घरातल्या चष्मेवाल्यांना वाचायला दिले. शिरोरेषा आणि तळरेषा यांच्या मध्यापेक्षा किंचित खाली रेघ ठेवली की मजकूर रद्द झालाय हे लगेच दिसतं आणि वाचताही येतो, हे त्यांच्याकडूनच कळलं.

जाडीचा प्रश्न झेरॉक्सच्या दुकानात सुटला. युलेमची मूळ रेघ ०.४ पॉइंटची. लेझर प्रिंटवर ती छान दिसते, पण सभासदांकडे जाणार होत्या झेरॉक्स प्रती, त्याही कधी कधी झेरॉक्सवरून काढलेल्या झेरॉक्स. तिथे ती जागोजाग तुटायची, आणि तुटलेली खोडरेघ म्हणजे वगळलेला शब्द पुन्हा जिवंत झाल्यासारखा वाटतो. नियमांच्या कागदात ते धोक्याचं. ०.८ वर नेली तर खालची अक्षरं बुजायला लागली. ०.६ वर थांबले. लाल-निळा रंग वापरावा असंही सुचवलं गेलं होतं. पडद्यावर ते सोयीचं आहे, पण काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये रंगाचा अर्थच जातो, म्हणून सगळं काळ्या शाईतच ठेवलं.

एक गोष्ट मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाला सांगावीशी वाटते. शब्दाचा तुकडा खोडू नका. ‘सभासद’चं ‘सभासदास’ करायचं असेल तर फक्त शेवटचं ‘ास’ अधोरेखित करण्याचा मोह होतो. पण काना व्यंजनापासून तुटला की तो एकटा पडतो आणि त्याच्या जागी ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. अख्खा जुना शब्द खोडायचा, अख्खा नवा शब्द अधोरेखित करून पुढे लिहायचा. वाचणाऱ्यालाही तेच सोपं पडतं. तसंच, युलेमच्या आज्ञेत परिच्छेद मोडता येत नाही. उपकलमांची यादीच वगळायची असेल तर प्रत्येक उपकलम वेगळं खोडावं लागतं. आणि जिथे दुसऱ्या नियमाच्या आकड्याचा संदर्भ रेघेखाली येतो, तिथे तो आकडा मी छोट्या पेटीत बंद केला, म्हणजे युलेम तो अख्खा उचलतं.

युलेमची मर्यादा मला शेवटी तुलनात्मक तक्त्यात जाणवली. डावीकडे आजचा नियम, उजवीकडे दुरुस्ती, शेवटी कारण, असे अरुंद रकाने. रेघेखालच्या शब्दांना युलेम आपोआप संयोगचिन्हाने तोडत नाही. ‘व्यवस्थापकीय समितीसमोर’सारखे शब्द आले की ओळी एक तर विरळ व्हायच्या नाहीतर रकान्याबाहेर डोकवायच्या. तक्त्यापुरतं मी लुआलेटेक हा लेटेकचा दुसरा प्रकार आणि मार्सेल क्र्युगर यांचं ‘लुआ-यूएल’ हे पॅकेज घेतलं. ते आधी ओळी नेहमीसारख्या लावू देतं आणि मग त्यांच्यावर रेघा ओढतं, त्यामुळे शब्द तोडण्यात ते आड येत नाही. फॉन्ट घेताना हार्फबझ हा रेंडरर (अक्षरं जुळवून मांडणारा भाग) निवडायचा, म्हणजे जोडाक्षरं नीट जुळतात. पहिल्यांदा चालवताना फॉन्टची यादी तयार होईपर्यंत बराच वेळ जातो. पावसात आमच्याकडे वीज कधीही जाते, त्यामुळे ती पहिली खेप लॅपटॉप पूर्ण चार्ज असताना करावी. आज पहिल्यापासून सुरुवात करायची असती तर मी सगळा मसुदा लुआ-यूएलमध्येच केला असता.

मसुद्यात कुठेही खोडरेघेची आज्ञा मी थेट लिहिली नव्हती. माझ्या स्वतःच्या दोन आज्ञा होत्या, एक ‘काढलेलं’साठी, एक ‘घातलेलं’साठी. बैठकीनंतर सुचलेल्या फेरदुरुस्त्यांना दुहेरी अधोरेखा द्यायची ठरली, तेव्हा तिसरी आज्ञा केली. रेघ कुठून जाईल, किती जाड असेल हे फाइलच्या डोक्यावर एकाच ठिकाणी ठरत होतं. तिथेच एक कळ ठेवली. ती फिरवली की ‘काढलेलं’ छापलंच जात नाही आणि ‘घातलेलं’ बिनरेघेचं, साध्या मजकुरासारखं येतं.

सभेत लोक कागद हातात धरून बोलले. “हय रेघ मारल्यात ता आमका मान्य नाय,” असं एका मावशीने वर्गणीच्या नियमावर बोट ठेवून सांगितलं, आणि चर्चा तिथून सुरू झाली. रेघेखाली काय होतं ते तिला वाचता येत होतं. वर्गणीची दुरुस्ती सभेने फेटाळली, बाकीच्या मंजूर झाल्या. त्या एका कलमापुरत्या मी दोन्ही आज्ञा उलट केल्या, जुने शब्द ठेवले, नवे काढले, कळ फिरवली आणि फाइल दोनदा चालवली, कारण संदर्भाचे आकडे दुसऱ्या खेपेला जुळतात. स्वच्छ प्रत आणि रेघांची प्रत अशा दोन्ही सेक्रेटरींनी ठरावासोबत जोडून नोंदणीसाठी पाठवल्या.