मागच्या फळीतून

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा शाळेचा निरोप आला तेव्हा विषय शोधावा लागला नाही. अनेक वर्षं मी व्यावसायिक फुटबॉल क्लबांकडून मधल्या बचावपटूच्या जागी खेळलो आणि आता प्रशिक्षक आहे. या दोन्ही कामांत मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलं ते बोलणं. मैदानावर वेळेवर, नेमकं आणि मोजकं बोलणं. ते मी आपल्या शाळेच्या पटांगणावर शिकलो.

आठवीत संघ निवडताना जो तो पुढे खेळायला धडपडत होता. गोल पुढचे करतात, कौतुक त्यांचं होतं, हे त्या वयातही कळतं. पीटीच्या सरांनी मला मागे उभं केलं आणि कारणही सांगितलं. "पुढच्यांची पाठ तुझ्याकडे असते. तुला सगळं मैदान दिसतं. त्यांना जे दिसत नाही, ते तू सांगायचंस."

सांगायचं म्हणजे काय, हे त्यांनी फार बारकाईने शिकवलं. "अरे बघ ना", "लक्ष कुठंय", "काय करतोस" असं ओरडायला त्यांची सक्त मनाई होती. त्यातून समोरच्याला काहीच कळत नाही, फक्त तो बावचळतो. हाक अशी हवी की ऐकणाऱ्याला पुढची कृती कळली पाहिजे. आमचे शब्द ठरलेले होते. "माणूस" म्हणजे तुझ्या पाठीवर कोणीतरी आहे, चेंडू झाक. "वळ" म्हणजे मागे कोणी नाही, निर्धास्त वळ. "सोड" म्हणजे चेंडू मागे येऊ दे, मी घेतो. "बाहेर" म्हणजे त्याला रेषेकडे ढकलत ने. आणि हे सगळं चेंडू वाटेत असतानाच सांगायचं, खेळाडूच्या पायाला लागायच्या आत. पाय लागल्यावर दिलेली हाक म्हणजे नुसता गोंगाट, असं सर म्हणायचे. पुढे प्रशिक्षकाच्या परवान्यासाठी मोठमोठ्या प्रशिक्षकांचे वर्ग केले, पण यापेक्षा वेगळं कोणी सांगितलं नाही.

रस्सीखेचीचा दोर आठवतो? क्रीडासाहित्याच्या खोलीत, दाराआड गुंडाळून ठेवलेला असायचा. सर तो बाहेर काढायचे आणि आम्हा चौघा बचावपटूंच्या हातात द्यायचे. चेंडू उजवीकडे गेला की चौघांनी उजवीकडे सरकायचं, डावीकडे गेला की डावीकडे. चेंडू मागे खेळला गेला की एकदम पुढे. एक जण जरी रेंगाळला तरी दोर ताणायचा आणि हाताला काचायचा. दोघं जवळ आले की मध्येच लोंबायचा. अंतर डोळ्यांनी मोजण्याआधी ते आमच्या तळहातांना कळलं. प्रशिक्षक अरिगो साकी यांच्या मिलान या इटालियन क्लबच्या संघाने मागची फळी अशीच एकत्र हलवून १९८९ आणि १९९० असे सलग दोनदा युरोपियन कप जिंकले, हे मला फार नंतर समजलं. साकी स्वतः कधी व्यावसायिक फुटबॉल खेळलेले नव्हते. आमचे सरही नव्हते.

मी आठवीत असताना, म्हणजे १९९२ मध्ये, फुटबॉलचा एक मोठा नियम बदलला. सहकाऱ्याने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाला हातात घेता येईनासा झाला. तोवर बचावपटू अडचणीत आला की चेंडू मागे द्यायचा, गोलरक्षक तो उचलायचा आणि सामना तिथेच थंडावायचा. सरांनी हे कुठेतरी वाचलं आणि त्याच आठवड्यात सराव बदलला. गोलरक्षकाला पायाने खेळायला लावलं. आम्हाला सांगितलं की मागे पास दिल्यावर थांबायचं नाही, लगेच बाजूला सरकून परत पास घेता येईल अशा जागी जायचं. मागे कोणाला देता येतंय हे आता चेंडू येण्याआधीच बघून ठेवावं लागणार होतं. खांद्यावरून मागे नजर टाकण्याची सवय मला तेव्हा लागली, ती शेवटच्या सामन्यापर्यंत सुटली नाही.

त्यानंतरचा १९९४ चा विश्वचषक. इटलीचे बचावपटू फ्रँको बारेसी यांना पहिल्या फेरीत नॉर्वेविरुद्ध गुडघ्याला दुखापत झाली, शस्त्रक्रिया झाली आणि महिन्याच्या आत ते ब्राझीलविरुद्ध अंतिम सामन्यात उभे होते. वय ३४. समोर ब्राझीलचे आघाडीवीर रोमारियो आणि बेबेतो. १२० मिनिटं खेळून गोल झाला नाही. मग पेनल्टीत बारेसींचा फटका गोलावरून गेला, इटली हरली आणि जगाच्या लक्षात तेवढंच राहिलं. दुसऱ्या दिवशी सरांनी विचारलं, "चेंडूकडे न बघता बारेसीकडे कोणी बघितलं?" कोणीच बघितलं नव्हतं. तेव्हापासून मी प्रत्येक सामन्यात एक बचावपटू निवडतो आणि चेंडू कुठेही असला तरी त्याच्याकडेच बघतो. शिकायचा याहून चांगला मार्ग मला अजून सापडलेला नाही.

सरांची आवडती गोष्ट मात्र जर्नेलसिंग यांची. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत या बचावपटूच्या डोक्याला जबर दुखापत झाली, टाके पडले. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी त्यांना चक्क आघाडीला खेळवलं. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध त्यांनी गोल केला, भारत २-१ ने जिंकला, सुवर्णपदक मिळालं. सर ही गोष्ट सांगताना जर्नेलसिंग यांच्याइतकेच रहीम यांच्याबद्दल बोलायचे. जायबंदी माणसाकडूनही काय घेता येईल हे ज्याला दिसलं, तो प्रशिक्षक. हे वाक्य माझ्या डोक्यात तेव्हापासून आहे.

व्यावसायिक खेळात गेल्यावर पहिला धक्का वेगाचा बसला. शाळेत विचार करायला जेवढा वेळ मिळायचा, त्याच्या निम्माही तिथे मिळत नाही. सुरुवातीचे महिने राखीव खेळाडूंत गेले. करार छोटे असतात, हंगाम संपला की पुन्हा अनिश्चितता, आणि गुडघा दुखावला की ती दुप्पट. त्याबद्दल फार लिहीत नाही, ते सगळ्याच खेळाडूंच्या वाट्याला येतं. टिकलो ते बोलण्यामुळे. माझ्यापेक्षा वेगवान आणि उंच बचावपटू संघात होते, पण शेजारी कोण हवा असं विचारलं की फुलबॅक, म्हणजे कडेचे बचावपटू, आणि गोलरक्षक माझं नाव घ्यायचे. आघाडीचा खेळाडू कुठे पळणार हे त्याने धाव घ्यायच्या आधी सांगितलं की आपल्याला धावावंच लागत नाही. असा न झालेला हल्ला कुठल्याही आकडेवारीत येत नाही. ज्याला याचं वाईट वाटतं त्याने बचावात खेळू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रशिक्षक झाल्यावर खरी कसोटी लागली. जे शरीराला वर्षानुवर्षं आपोआप येत होतं, ते शब्दांत मांडायचं होतं. एका मुलाने विचारलं, "टॅकल कधी करायचं?" म्हणजे समोरच्याच्या पायातला चेंडू काढून घ्यायला कधी जायचं. हा अगदी साधा प्रश्न आहे, पण त्याचं उत्तर तयार करायला मला माझेच जुने सामने पुन्हा बघावे लागले. आता मी असं सांगतो: समोरच्यापासून हातभर अंतर ठेव, गुडघे वाकव, टाचा उचललेल्या, अंग तिरकं, म्हणजे त्याला एकच बाजू मोकळी राहील. मग थांब. त्याचा चेंडू पायापासून लांब गेला, किंवा त्याने मान खाली घातली, किंवा तो तुझ्याकडे पाठ करून वळायला लागला, की जा. यातलं काही झालं नाही तर जाऊ नकोस, तेवढ्यात आपली मदत पोचते. घाईने झडप घातली की तू जमिनीवर आणि तो गोलासमोर.

खेळ तर बदलतोच आहे. २०१९ पासून गोलकिकचा, म्हणजे गोलाजवळून खेळ पुन्हा सुरू करायच्या फटक्याचा, चेंडू गोलासमोरच्या पेनल्टी क्षेत्राच्या बाहेर जाण्याची अट गेली. आता बचावपटू गोलरक्षकाच्या शेजारी उभा राहून पास घेतो आणि तिथूनच चाल रचतो. प्रतिस्पर्धी अंगावर धावून येत असताना शांत राहणारा मुलगा आज बचावात हवा असतो, आणि तो शांत राहतो कारण त्याच्या कानावर योग्य हाक आलेली असते.

बचावपटू चांगले प्रशिक्षक होतात का, असं मला नेहमी विचारतात. फ्रान्झ बेकेनबाउअर यांनी कर्णधार म्हणून १९७४ चा आणि प्रशिक्षक म्हणून १९९० चा विश्वचषक जिंकला, हे उदाहरण हाताशी आहे. पण मागे खेळला म्हणून कोणी प्रशिक्षक होत नाही. मागून दिसलेलं दुसऱ्याला समजेल असं सांगायची ज्याला सवय लागलेली असते, त्याला हे काम थोडं सोपं जातं, इतकंच.

एक गोष्ट मात्र मला नव्याने शिकावी लागली, ती म्हणजे गप्प राहणं. रेषेबाहेरून मी सतत ओरडत राहिलो तर मैदानातला बचावपटू बोलायचा थांबतो आणि सगळे माझ्याकडे बघायला लागतात. म्हणून आठवडाभर सरावात जे बोलायचं ते बोलून घेतो आणि सामन्यात शक्यतो बसून असतो. अपवाद एकच. ज्याला संघात घेतलेलं नाही, त्याला मी आदल्या दिवशी एकट्याला बोलावून कारण सांगतो, एका वाक्यात आणि त्याच्या डोळ्यांत बघून. फलकावरच्या यादीतून त्याला ते कळू नये. शाळेत सरही तसंच करायचे.

आता शाळेत मुलींचाही संघ आहे हे ऐकून फार आनंद झाला. आंतरशालेय स्पर्धेच्या आधी दोन्ही संघांच्या बचावपटूंचा आणि गोलरक्षकांचा सराव घ्यायला यायचं मी मुख्याध्यापकांना कळवलं आहे. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर पटांगण मोकळं मिळालं तर उत्तम. येताना गोलरक्षकांचे हातमोजे मी घेऊन येईन, फक्की आणि दोर मात्र शाळेने काढून ठेवावेत.